एकीकडे आणि दुसरीकडे

फ्रेंचमध्ये ‘दाल्फ सी-वन’ नावाची परीक्षा असते. तिच्या तोंडी भागात एखाद्या सामाजिक प्रश्नावरचे उतारे हातात ठेवतात, तासभर तयारीला देतात, मग दोन परीक्षकांसमोर मांडणी आणि त्यानंतर वाद. वाद घालायचे गुण मिळतात म्हटल्यावर सदाशिव पेठेत वाढलेल्या बाईने फॉर्म भरणारच.

मेख नंतर कळली. विरुद्ध बाजूही तितक्याच मनापासून मांडावी लागते. एकीकडे असं, दुसरीकडे तसं, आणि शेवटी दोन्हींतून तिसरंच काहीतरी. आमच्याकडे ‘दुसरीकडे’ म्हणायला तोंड उघडलं की समोरचा पंखा बंद करून उठतो. शिवाय पंचवीसपैकी पाचाच्या खाली गेलात, तर लेखीत काय दिवे लावलेत ते कोणी बघत नाही. नापास.

सरावाचे परीक्षक घरचेच, सासूबाई आणि सासरे, म्हणजे बाबा. फ्रेंच दोघांनाही येत नाही. पण समोरच्याचा धीर खचेल इतका निर्विकार चेहरा सासूबाईंना उपजतच जमतो. मी आधी फ्रेंचमध्ये बोलायचं, मग मराठीत सांगायचं, मग मार खायचा.

पहिला विषय समानता. १७८९ ची क्रांती, मानवी हक्कांचा जाहीरनामा, सगळं झोकात सांगितलं.

“आणि बायकांचं काय?”

ऑलिंप द गूझ हिने १७९१ मध्ये बायकांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. पुढे राजकीय लिखाणापायी १७९३ मध्ये तिला गिलोटिनवर चढवलं. मताचा हक्क मिळाला १९४४ मध्ये. नवऱ्याच्या परवानगीशिवाय बँकेत खातं उघडायला १९६५ उजाडलं.

“पासष्ट?” सासूबाईंचा चेहरा पहिल्यांदाच हलला. “आणि यांची समानता शिकायला तू क्लासला पैसे भरतेस?”

दुसरीकडे १९७५ मध्ये सिमोन व्हेल यांनी गर्भपाताचा कायदा कसा झुंजून आणला, हे सांगेपर्यंत त्या कुकर लावायला गेल्या होत्या.

धर्म आणि सरकार यांची फारकत हा माझा लाडका विषय. कायदा १९०५ चा, आणि त्यातली गंमत अशी की अल्सास आणि मोझेल हे भाग तेव्हा जर्मनीकडे होते. कायदा तिथे पोचलाच नाही. पहिल्या महायुद्धानंतर ते परत आले, पण जुनी व्यवस्था तशीच राहिली. आजही तिथल्या पाद्र्यांचा आणि रब्बींचा पगार सरकारी तिजोरीतून होतो.

“पागडीचा भाडेकरू,” बाबा म्हणाले. “मालक बदलला तरी हलत नाही.” मुद्दा इतका चपखल आहे की परीक्षेत वापरला असता, पण पागडी समजावण्यातच दहा मिनिटं जायची.

बाबांचा जीव अडकला तो सुट्ट्यांमध्ये. ते लालबागच्या गिरणीत साचेखात्यात होते. १९३६ मध्ये फ्रान्सात डाव्यांची आघाडी निवडणूक जिंकली आणि तिचं सरकार बसण्याआधीच कामगार कारखान्यांत ठाण मांडून बसले. आत अकॉर्डियन वाजत होतं, नाच चालले होते. जूनमध्ये लेओं ब्लूम यांच्या सरकारने दोन आठवड्यांची भरपगारी सुट्टी दिली.

“कारखान्यात नाच?” बाबांनी दोनदा विचारलं. खात्री पटल्यावर मांडी बदलली. “बरं, पुढे?”

“पुढे वाढत गेली. पाचवा आठवडा १९८२ मध्ये.”

“महिना?”

“जानेवारी. सोळा तारीख.”

बाबांनी चष्मा काढला. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत कामगार नेते दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले, त्यात बाबाही होते.

“म्हणजे त्यांना पाचवा आठवडा मिळाला आणि दोन दिवसांनी आम्ही फाटकाबाहेर. त्यांना का मिळालं आणि आम्हाला का नाही? हे विचारतील का तुला?”

मी पाठ ताठ केली. “बाबा, प्रश्न गुंतागुंतीचा आहे. एकीकडे...”

बाबांनी मला साडेचार दिले.