निळ्या ग्लासाच्या मालकास खुले पत्र

हॉटेलमालक महोदय,

चेलाडीला महामार्ग सोडून नसरापूर, मार्गासनीवरून वेल्ह्याकडे निघालं किंवा कापूरहोळला भोरकडे वळलं, की तुमचे फलक सुरू होतात. चुलीवरची भाकरी, गावरान कोंबडी, मटका मटण, इंद्रायणी भात. दाराशी बैलगाडीचं चाक, भिंतीला कंदील, वाढप्यांच्या डोक्याला फेटे. मेनूची चार पानं गावाच्या नावावर भरतात. पाचव्या पानावर पेयं येतात आणि तिथे तुमचं गाव संपतं. ब्लू लगून, ग्रीन अ‍ॅपल मोजितो, किवी कूलर, फ्रूट पंच. राजगडाच्या पायथ्याशी उन्हातून आलेल्या माणसाला प्यायला काय द्यावं, एवढा एक प्रश्न तुमच्यापुढे होता. तुम्ही त्याच्यावर पाच मिनिटंसुद्धा घालवली नाहीत.

नाव घेत नाही. तुमच्यासारखे भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत पुष्कळ आहेत, आणि ज्याचं पाचवं पान असं आहे त्याने हे पत्र आपल्यालाच आलं असं समजावं.

मे महिन्यात पाहुण्यांना घेऊन तुमच्याकडे जेवायला आलो होतो. मुलांनी ब्लू लगून मागवलं. उंच ग्लास आला. तळाशी शाईसारखा निळा थर, वर बाटलीतला गोड सोडा, कडेला लिंबाची चकती, डब्यातली चेरी, कागदी छत्री. १५० रुपये. त्याच वेळी तुमच्या फाटकाबाहेर एक बाई करवंदांची पाटी घेऊन बसली होती. पाटीवर पळसाची पानं झाकलेली, पानांच्या द्रोणात काळीभोर करवंदं, काहींच्या देठाशी अजून पांढरा चीक. द्रोण २० रुपयांना. तिच्या मनगटापर्यंत ओरखडे होते, कारण काटेरी जाळीत हात घातल्याशिवाय करवंद हाती येत नाही. तुमच्या रखवालदाराने तिला दोनदा उठवलं. गाड्या आत घ्यायला अडचण होते म्हणे. तुमच्या टेबलापासून ती वीस पावलांवर होती. गावाच्या नावावर धंदा करता, आणि गावाकडे वीस पावलं चालत जाणं तुमच्याने झालं नाही.

त्या निळ्या बाटलीची हकीकत तुम्हाला कुणी सांगितली नसेल, म्हणून सांगतो. क्युरासाव हे व्हेनेझुएलाच्या उत्तरेचं कॅरिबियन बेट. स्पॅनिश लोकांनी तिथे व्हॅलेन्सियाची संत्री लावली. त्या कोरड्या जमिनीत फळ कडू झालं, खाण्याच्या कामाचं राहिलं नाही. पण वाळवलेल्या सालीला सुरेख वास येतो हे तिथल्या लोकांनी हेरलं आणि त्या सालीपासून मद्य केलं. निळा रंग नंतर वरून घातलेला. वाया गेलेल्या फळावर एका लहानशा बेटाने जगभर नाव कमावलं. तुम्ही त्यातलं काय उचललंत? साल नाही, मद्य नाही, ती हिकमतही नाही. फक्त रंग. असल्या बहुतेक बाटल्यांत तो ब्रिलियंट ब्लू, म्हणजे ई १३३ असतो. ठरावीक प्रमाणात कायद्याला तो चालतो, त्याबद्दल माझं भांडण नाही. मोजितोचंही तेच. क्यूबात ऊस पिकतो म्हणून उसाची रम, सोबत तिथलं लिंबू, पुदिना, साखर आणि सोडा. ज्याने तो पहिल्यांदा केला त्याने हाताशी होतं ते घेतलं. तुम्ही त्यात हिरव्या सफरचंदाचं सिरप ओतता. सफरचंद वेल्ह्यात पिकत नाही आणि तुमच्या सिरपात बहुधा तेही नसतं.

इतकं लांब जायचं नसेल तर पणजीला जाऊन या. साव तोमे आणि फोंतेन्यासच्या गल्ल्या पायीच फिरायच्या आहेत, आणि त्या गल्ल्यांत जोसेफ बार नावाची एक छोटीशी जागा आहे. तिथे फेणी आणि कोकमाचा ‘तांबडे रोझा’ प्यायला लोक दाराबाहेर उभे राहतात. उन्हाळ्यात पहिल्या धारेचा हुर्राक येतो, काजूचा हंगाम संपला की तोही संपतो. संपल्यावर तो मागूनही मिळत नाही, आणि लोक पुढच्या वर्षाची वाट बघतात. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गोव्याने आपल्या झाडाखाली पडलेलं बोंडू वाया जाऊ दिलं नाही.

आणि आपल्याकडे काय आहे? फेब्रुवारी-मार्चमध्ये करवंदाच्या जाळ्यांना पांढरी फुलं येतात, रायरेश्वराच्या वाटेवर आणि मढे घाटाच्या कडेला तो वास हवेत असतो. एप्रिलअखेर करवंद पिकतं. आधी हिरव्या कैरीचं पन्हं, मागोमाग जून लागताना जांभूळ. घाटाखाली महाडच्या बाजूला रातांबे पिकतात, आणि भोरहून वरंध घाट उतरला की आपण तिथेच असतो. धनगरवाड्यांवर दूध आहे, म्हणजे ताक आहे. लिंबं आहेत, आलं आहे, उसाचा रस आहे. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी एवढी धरणं आहेत. साखर कारखाना भोर तालुक्यातच निगड्याला आहे. फळ डोंगरात, पाणी धरणात, साखर तालुक्यात. सरबताला आणखी लागतं काय?

तुमच्याहून कमी भांडवलाच्या माणसांना हे कळलेलं आहे. गुंजवण्याहून राजगड चढून जा. घामाघूम होऊन पद्मावती माचीवर पोचलात की गावातलं कुणीतरी ताक आणि लिंबूसरबत घेऊन बसलेलं दिसेल. ते सगळं पायी वर आणलेलं असतं. ताकात मीठ, जिरं, कोथिंबीर, बस. ते पिऊन माणूस अर्धा तास त्या ताकाबद्दल बोलतो. तुमचं ब्लू लगून पिऊन कुणी त्याबद्दल बोललेलं मी अजून ऐकलेलं नाही. फोटो काढतात, तेवढंच. रस्त्याकडेच्या रसवंतीवाल्याचंही पाहा. ऊस, आलं, लिंबू, बर्फ, आणि चरकाला बांधलेले घुंगरू. त्याच्याकडे फेटा नाही, कंदील नाही, तरी तो तुमच्यापेक्षा जास्त गावाचा आहे.

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे: ‘गिऱ्हाईक तेच मागतं.’ गिऱ्हाईक कोथरूड-बाणेरहून पन्नास-साठ किलोमीटर गाडी हाकत येतं. निळं पाणी त्याला घराच्या कोपऱ्यावर मिळतं. तो इथे वेगळं काही मिळेल म्हणून येतो. कार्डावर जे नाही ते तो मागणार कसं? पिठलं-भाकरी तुम्ही कार्डावर घातलीत तेव्हा तो ती मागू लागला. जे दाखवाल ते मागेल.

दुसरं उत्तर, ‘करवंद टिकत नाही.’ हे मात्र खरं आहे. पिकलेलं करवंद एक-दोन दिवसांत पाणी सोडतं, आणि पाऊस पडला की त्यात अळी होते. म्हणूनच ते आणल्या दिवशी शिजवायचं. निवडून दोन-तीन पाण्यांतून धुवायचं, देठ काढायचे, फळ जेमतेम बुडेल एवढं पाणी घालून साल फुटेपर्यंत उकळायचं. कोमट झालं की हाताने कुस्करून पंचातून गाळायचं. बिया आणि चोथा बाजूला राहतो, खाली गडद किरमिजी रस उतरतो. त्याच्या दीडपट साखर घालून पुन्हा एक उकळी, आणि गरम असतानाच उकळून वाळवलेल्या काचेच्या बाटल्यांत भरायचं. देताना एक भाग पाक, तीन-चार भाग थंडगार पाणी किंवा सोडा, चिमूटभर पादेलोण, भाजलेल्या जिऱ्याची पूड. आंबट, गोड, शेवटी किंचित तुरट. रंगासाठी कुठलीही बाटली उघडावी लागत नाही. भोर-वेल्ह्यातल्या कित्येक घरांत हे बायकांना येतं. बचत गटाला सांगा, मेच्या तीन आठवड्यांत तुमची बेगमी होईल. एवढ्या छोट्या उद्योगाला अन्नसुरक्षेची साधी नोंदणी पुरते.

तुमच्याकडे परमिट रूम असेल तर तोच पाक जिनमध्ये किंवा पांढऱ्या रममध्ये घाला, मला त्याचं वावडं नाही. मुंबईत लोअर परळला २०१५ मध्ये सुरू झालेल्या बॉम्बे कॅन्टीनने देशी फळं आणि मसाले कॉकटेलमध्ये आणून नाव मिळवलं. आता मोठ्या शहरांतल्या चांगल्या बारमध्ये कोकम, जांभूळ, चिंच ग्लासात दिसतात. डोंगरापासून शंभर-दीडशे किलोमीटरवर बसून त्यांना सुचतं. तुम्ही डोंगराच्या मांडीवर बसून कॅरिबियनची नक्कल करता, आणि नक्कलही धड करत नाही.

खरा राग पुढे आहे. हे केवळ चवीचं प्रकरण असतं तर मी पाणी पिऊन घरी गेलो असतो. आता राजगड असं नाव झालेल्या वेल्हे तालुक्यात आणि भोरमध्ये डोंगरउतार प्लॉट पाडून विकले जात आहेत. जेसीबी आला की आधी जाळ्या जातात, कारण करवंदाच्या जाळीला कुणाच्याच हिशेबात किंमत नाही. सातबाऱ्यावर तिची नोंद नाही, बाजारात तिला भाव नाही. तुमच्या हॉटेलसमोरची हिरवळ कशावर उगवली आहे ते मी पाहिलं आहे. पूर्वी तिथे जाळ्या होत्या, उन्हाळ्यात पोरं तिथे करवंदं खायला जायची. फळाला ठरलेलं गिऱ्हाईक मिळालं, तर जाळी राखणाऱ्या माणसाच्या हातात चार पैसे पडतात, आणि प्लॉटवाल्याला नाही म्हणायला त्याला एक कारण मिळतं. वनहक्क कायद्याने २००६ मध्ये गौण वनोपजावर आदिवासी आणि पारंपरिक वननिवासी माणसाचा हक्क मान्य केला. हक्काला विकत घेणारा लागतो. ते तुम्ही होऊ शकत होता. तुमच्याकडे रस्ता आहे, पार्किंग आहे, शनिवार-रविवारची गर्दी आहे.

भोर शहरात हॉटेल असेल तर तुम्हाला अजिबातच सबब नाही. एसटी स्टँड, बाजारपेठ, पंतसचिवांचा राजवाडा, नीरेचा काठ, सगळं पायी फिरण्यातलं. वाडा बघून बाहेर पडलेल्या माणसाला सावली आणि एक चांगलं थंड पेय हवं असतं. तिथे जांभळाचं, करवंदाचं, कोकमाचं सरबत देणारी चार दुकानं झाली, तर लोक ते प्यायला म्हणून भोरला येतील. आज तुम्ही त्यांना टिनातलं शीतपेय देता आणि वर ‘वेलकम ड्रिंक’ म्हणता.

तेव्हा सरळ बोलतो. येत्या एप्रिलअखेर पाचवं पान बदला. किलोचा दर आधी ठरवा, पैसे रोख आणि जागेवर द्या, घासाघीस करू नका. पाटीवाल्या बाईला फाटकाच्या आत, सावलीत बसू द्या. कार्डावर फळाबरोबर गाव लिहा: केळदचं करवंद, गुंजवण्याचं जांभूळ. हंगाम संपला की ‘संपलं’ असं लिहायला लाजू नका. किंमत हवी तर तीच ठेवा, १५० रुपये मी देईन आणि पाहुण्यांनाही घेऊन येईन. पण ती निळी बाटली पुन्हा टेबलावर दिसली, तर पाहुण्यांसकट उठून रसवंतीत जाऊन बसेन, आणि का उठलो ते शेजारच्या टेबलांनाही सांगून जाईन.

आपला,
भोर तालुक्यातला एक गिऱ्हाईक