जपानी घोळाणा

कोशिंबिरीला दही लागतं, दह्याला म्हैस लागते आणि म्हशीला वैरण लागते. वैरणीचं आमच्या माण तालुक्यात काय होतं, ते चारा छावण्यांना विचारा. म्हणून आमचा भरवसा घोळाण्यावर. कोवळी मेथी, कांद्याची पात, हरभऱ्याचा पाला, नाहीतर रानातली पाथरी. जे हाती लागेल ते चिरायचं, मीठ-तिखट आणि शेंगदाण्याचं कूट टाकायचं, वरून कच्चं तेल सोडायचं आणि हातानं घोळायचं. भाकरी थापून होईस्तोवर घोळाणा तयार.

माझा भाचा पुण्यात जपानी भाषा शिकला. त्यात विशेष काही नाही. पुण्यात जपानी शिकलेला माणूस दर गल्लीत सापडतो. पण हा पुढे जपान्यांच्या कंपनीत लागला आणि जेवायलाही त्यांच्यासारखंच लागला. दिवाळीला दहिवडीला आला तो सोया सॉस, तांदळाचं व्हिनेगर आणि लेट्यूसचा गड्डा घेऊन.

"मामा, पाच मिनिटांत गोमा ड्रेसिंग करतो. गोमा म्हणजे तीळ. फक्त आधी ही पानं तीन पाण्यांनी धुवायला हवीत."

तीन पाणी म्हटल्यावर आडवी झालेली आई उठून बसली. टोकियोत वर्षाला पंधराशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथल्या माणसानं पानं तीनदा धुवावीत, नाहीतर सतरांदा. आमच्याकडे पाचशेच्या आतबाहेर, तोही ढगांची मर्जी सांभाळून. शेवटी एकाच पातेल्यात पानं बुचकळली, पाणी कढीपत्त्याला गेलं आणि वरची जून पानं शेळीला. शेळीनं ती हुंगली आणि तोंड फिरवलं. आईच्या लेखी लेट्यूसचा निकाल तिथंच लागला.

ड्रेसिंगच्या बाबतीत मात्र ती खलबत्ता घेऊन पुढं सरसावली. तीळ भाजणं हे काही पुण्याच्या पोरावर सोडायचं काम नव्हे. तीन चमचे तीळ, मंद आच, एकदोन उडायला लागले की खाली. क्षणभर उशीर झाला की कडू. जपानी लोक तीळ कुटायला आतून रेघारेघांचं मातीचं भांडं आणि लाकडी दांडा वापरतात, असं भाच्यानं सांगितलं. रेघांमुळे तीळ निसटत नाही. आईनं खलात तिळाबरोबरच चमचाभर साखर टाकली. साखरेच्या कण्यांत तीळ जागच्या जागी अडकला आणि चिरडला. जपानचा कुंभार आणि माझी आई एकाच अडचणीतून दोन वाटांनी सुटले होते, पण आईला त्याचं काही विशेष वाटलं नाही.

"ह्यात आता काय घालतुयास?"

"सोया सॉस. दोन चमचे."

"सोयाबीन? आरं, त्याची पेंड जनावरं खात्यात!"

यावर भाच्यानं सोयाबीन, गहू आणि मीठ बुरशीच्या मदतीनं कित्येक महिने कसं आंबवतात, याचं व्याख्यान दिलं. टोकियोच्या किकुनाए इकेदा नावाच्या प्राध्यापकानं 1908 साली समुद्रशेवाळाच्या रश्श्यातून उमामी नावाची चव कशी शोधून काढली, तेही सांगितलं. आई बुरशीपाशीच थांबली होती. सातारा-सांगलीच्या ओल्या पट्ट्यात सोयाबीन पोत्यांनी पिकतं, गिरणीत जातं, तेल माणसाला आणि पेंड जनावराला. मधे बुरशीला वाटेकरी करावं, असं आमच्यात कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पुढचं काम भराभर झालं. दीड चमचा व्हिनेगर (नसेल तर लिंबू पिळा, जपान रागावणार नाही), दोन चमचे तेल, बोटाच्या पेराएवढं किसलेलं आलं. आलं सातारी, त्यात तडजोड नाही. तयार बाटलीत मेयोनीजही असतं म्हणे. पण कच्च्या अंड्याचं नाव काढायची आमच्यापैकी कुणाचीच छाती झाली नाही. सगळं लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून खळाखळा हलवायचं. तेल आणि आंबट पाणी एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत. तिळाचं कूट मधे पडलं की घटकाभर नांदतात. म्हणून वाढताना पुन्हा हलवायचं.

आईनं बोट बुडवून चाखलं. बराच वेळ तोंड हलवलं.

"ग्वाड हाय. मिरची कुठाय?"

"आजी, ह्यात मिरची नसते."

"मग पाच मिन्टं लागणारच की. मिरची घातली असती तर सा लागली असती."

लेट्यूस आम्ही दोघांनी संपवला. ड्रेसिंग उरलं, म्हणून आईनं ते मेथीच्या घोळाण्यावर ओतलं, वर तिखट भुरभुरलं आणि भाकरीशी निमूट खाल्लं. दुसऱ्या दिवशी बरणी तिच्या ताटाशेजारी आपोआप आली. त्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही, हा घरातला अलिखित नियम आम्ही पाळला.

भाऊबीज उरकल्यावर मटण झालं. कांदा-काकडीवर तेच ड्रेसिंग पाहून भाच्याला चेव आला. जपानात मांसाचे पातळ काप नुसत्या गरम पाण्यात बुडवून काढतात आणि असल्याच तिळाच्या सॉसला लावून खातात, असं तो सांगू लागला.

"मीठबी न्हाय? मसाला न्हाय?" आईनं विचारलं.

"नाही. नुसतं पाणी. फार तर शेवाळाचा तुकडा."

"आळणी मटण खात्यात व्हय बिचारी," ती बरणी हलवत म्हणाली. "मग कायतरी तोंडी लावायला पायजेच की."