आमची कुठेही शाखा नाही, फक्त गोदाम आहे

चिपची किंमत वाळूवरून ठरते असं मानणारे भाबडे लोक अजून आहेत. ती ठरते शेजाऱ्यावरून. 2018मध्ये इंटेलचा अठरा कोरचा प्रोसेसर 1979 डॉलरला होता. प्रतिस्पर्धी एएमडीचे थ्रेडरिपर प्रोसेसर अंगावर येताच पुढच्याच वर्षी अठरा कोरचाच नवा अवतार आला 979 डॉलरला. मधल्या काळात वाळू स्वस्त झाल्याचं आमच्या तरी वाचनात नाही.

एएमडीलाही साधुपुरुष समजू नका. 2020मध्ये आपण पुढे गेलो असं दिसताच त्यांनी रायझन 5000 प्रोसेसरांच्या पहिल्या चारही मॉडेलांवर पन्नास-पन्नास डॉलर चढवले. वर 5800एक्सच्या डब्यातला पंखाही काढून घेतला. गिऱ्हाइकाने आता वारा स्वतः घालावा.

गोदामांच्या भिवंडीला या भाऊबंदकीचं सोयरसुतक नाही. मानकोलीच्या एखाद्या गाळ्यात दोघांची खोकी एकाच पॅलेटवर, साबण आणि चपलांच्या शेजारी बसतात. स्कॅनर दोघांनाही सारखंच ‘टिक’ करतो आणि टेम्पो दोघांनाही लॅमिंग्टन रोडला नेतो. हमालाच्या लेखी दोन्ही सारखीच हलकी. खरं तर हे वैर आपल्याच घरातलं. इंटेलच्या पेंटियमचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम जन्माने पुण्याचे. पुढे तेच नेक्सजेनमध्ये गेले, ती कंपनी एएमडीने घेतली आणि त्यातून के-6 प्रोसेसर निघाला. जन्म पुण्याचा, आणि शाखा दोन्हीकडे!

इंटेलचं खोकं परदेशातून परभारे आलेलं असेल तर मात्र काही वर्षं खेळच संपायचा. 2016मध्ये इंटेलने ठरवलं, भारतात वॉरंटी हवी तर माल भारतातल्या अधिकृत वितरकाचाच हवा. चिप तीच, डबा तोच, पण लग्नाच्या बैठकीत विचारतात तसं आधी गोत्र सांगावं लागे. 2019मध्ये भारताच्या स्पर्धा आयोगाने यावर चौकशीचा आदेश दिला.

युरोपने तर 2009मध्येच इंटेलला 106 कोटी युरोंचा दंड ठोकला होता. आरोप असा की, संगणक कंपन्यांना सवलती आणि पैसे देऊन एएमडीला दाराबाहेर ठेवलं. 2022मध्ये लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने तो दंड रद्द केला. 2023मध्ये युरोपने पुन्हा ठोकला, तो 37.6 कोटी युरोंचा. सूट देण्यावरून झालेल्या दंडावर एवढी घसघशीत सूट! भिवंडीच्या यंत्रमागवाल्यांनी वीजबिलात सवलत मागताना मंत्रालयाचे जिने झिजवू नयेत. सरळ लक्झेंबर्गचा वकील करावा.