मांजराला परवाना, माणसाला कॉट

पुण्यात कुत्रा पाळायचा तर महापालिकेचा परवाना लागतो. 2022मध्ये मांजरांनाही तो लावायचं ठरलं. कॉट बेसिसवर माणसं ठेवणाऱ्याकडे परवाना मागताना मात्र मी अजून कुणाला पाहिलेलं नाही. दहा बाय बाराची खोली, तीन लोखंडी डबल डेकर कॉट आणि दाराला चिकटवलेली नियमावली, एवढ्या भांडवलावर सदाशिव पेठेत पेन्शनपेक्षा बरी आवक होते.

आमच्या शेजारच्या अण्णांची नियमावली वाचण्यासारखी आहे. ‘गीझर सहा ते साडेसहा. कपडे गॅलरीत वाळत घालू नयेत. पाहुणा आढळल्यास डिपॉझिट विसरावे.’ कपडे नकोत, कारण गॅलरीला प्लायवूड ठोकून तिथं सातवी कॉट टाकली आहे. तिचं भाडं जास्त. वारा येतो ना!

अण्णांचा भाचा लेस्टरला असतो. त्यानं कळवलं, की इंग्लंडात वेगवेगळ्या कुटुंबांतली पाच माणसं एका घरात स्वयंपाकघर-संडास वाटून राहत असतील, तर मालकाला कौन्सिलचं लायसन्स काढावं लागतं. झोपायच्या खोलीत एकट्याला किमान 6.51 चौरस मीटर, म्हणजे साधारण 70 चौरस फूट जागा हवी, दोघांना 110. लायसन्स नसेल तर भाडेकरू भरलेलं भाडं परत मागू शकतो. अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. “म्हणजे माझ्या खोलीत दोघंच? उरलेल्या चौघांनी काय कौन्सिलच्या हापिसात झोपायचं?” तिकडचे मालकही बहुधा हेच विचारत असतील.

आपल्याकडे कायदाच नाही, असं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 55: करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदणी ही मालकाची जबाबदारी. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अकरा महिन्यांच्या कराराला हे लागू नाही, असं अण्णा छातीठोक सांगतात. लागू आहे. पण दंड एखाद-दुसऱ्या कॉटच्या महिन्याच्या भाड्याएवढा, त्यामुळे अण्णांना शांत झोप लागते. खोलीत डोकी किती, संडास किती, आग लागली तर जिन्यातल्या सायकली ओलांडून पळायचं कसं, हे कलम 55 विचारत नाही. चंडीगडला 2020मध्ये एका पीजीला आग लागून तीन मुली गेल्या, तेव्हा कुठं तिथं तपासण्यांना जोर चढला.

तेव्हा स्पर्धा परीक्षेसाठी कॉटवर राहणाऱ्या भावी तहसीलदारांनो, एवढं पाठ करून ठेवा: नोंदवलेला करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणंच ग्राह्य धरलं जातं, ते खोटं पाडायची जबाबदारी मालकाची. परीक्षेला येईल न येईल, डिपॉझिट परत मागताना नक्की उपयोगी पडेल.