तारेवरचे आप्पा

लिमोनच्या धक्क्याला आमचं जहाज लागलं तेव्हा पाऊस पडत होता. कोस्टा रिकाच्या या कॅरिबियन किनाऱ्यावर पावसाळा असा वेगळा नसतोच. पाऊस बारा महिने ड्युटीवर. कोलंबस १५०२ साली समोरच्याच उवीता बेटापाशी नांगर टाकून राहिला होता. पण त्याला साडेचारच्या आत जहाजावर हजर व्हायचं नव्हतं. आम्हाला होतं. त्यातून जहाजाच्या सहलीचा दर ऐकून आप्पांनी धक्क्याबाहेर परस्पर एक व्हॅन ठरवली, आणि परस्पर गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही, हे आदल्या रात्रीच फार गोड आवाजात जाहीर झालं होतं.

आप्पा म्हणजे माझे साडू. रावेरला केळीची बाग. अमेरिकेतल्या लेकीने आम्हा चौघांना क्रूझवर घातलं, तेव्हा साहसाचा दिवस म्हणून छापलेलं पत्रक वाचून ते म्हणाले होते, “साहस कसलं? जूनच्या तोंडावर वादळ येतं, बाग आडवी होते, आपण पुन्हा रोपं लावतो. झालं की!”

व्हॅनच्या भाड्यात तीन गोष्टी होत्या: स्लॉथ, झिपलाइन आणि केळीचा मळा. साहस अर्थात मधल्या कलमात.

स्लॉथ रस्त्यातच भेटला. म्हणजे गाईड पोराला भेटला. आम्हाला झाडावर नुसतं गोणपाटाचं बोचकं अडकलेलं दिसत होतं. त्याने दुर्बीण लावून दिली. तीन नखं, अंगावर शेवाळाची हिरवट झाक आणि चेहऱ्यावर कायमचं समाधान. हा प्राणी साधारण आठवड्यातून एकदा झाडावरून खाली उतरतो, तेही शौचाला. कोस्टा रिकाने २०२१ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रतीकाचा मान दिला. आम्ही माना मोडेपर्यंत वर बघत राहिलो. शेवटी त्याने एक हात उचलला, काख खाजवली आणि हात होता तिथे ठेवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. “आमच्याकडे याला सोसायटीचा चेअरमन केला असता,” आप्पा म्हणाले.

झिपलाइनच्या ठिकाणी आधी वजन, मग सही. कशाकशाला आपण स्वतः जबाबदार, याची यादी एवढी लांब होती की सही करेपर्यंत निम्मं साहस तिथेच उरकलं. हेल्मेट, कमरेला पट्टे, हातात चामड्याचे जाड मोजे. ब्रेक म्हणजे हा मोजाच: कप्पीच्या मागे तारेवर हात दाबायचा. आमच्या सौभाग्यवती आणि त्यांच्या ताई, दोघी पंजाबी ड्रेसची ओढणी खोचून सुसाट गेल्या. ताईंनी तर पलीकडे पोचल्यावर पुन्हा जाता येईल का, असं विचारलं म्हणे.

आप्पांनी मात्र निघाल्यापासूनच ब्रेक दाबला. परिणामी दरीच्या बरोबर मध्यावर ते थांबले. खाली जंगल, वर पाऊस, मध्ये आप्पा. तेवढ्यात कुठून तरी अशी डरकाळी उठली की माझ्या पायातलं बळ गेलं. गाईड हसत होता. ती हाउलर माकडं होती. कुत्र्याएवढं जनावर, पण आवाज मैलोगणती जातो. पलीकडून ताई ओरडत होत्या, “अहो, हात सोडा!” इकडून मी ओरडत होतो, “आप्पा, हात धरा!” आप्पांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ते मान वळवून क्षितिजाकडे बघत होते.

“केळी!” ते ओरडले. “निळ्या पिशव्या! सगळ्या घडांना पिशव्यांचं स्कर्टिंग केलेलं आहे!”

गाईडने तारेवरून जाऊन त्यांना पायांच्या कात्रीत धरलं आणि ओढत पलीकडे नेलं. वाटेतही आप्पा त्याला दोन झाडांतलं अंतर विचारत होते.

जेवण लवकर आटोपलं. नारळाच्या दुधातला भात, त्यातच शिजलेला राजमा. जमैकाहून रेल्वेच्या कामाला आलेल्या मजुरांची इथे रुजलेली चव. ती रेल्वे खरं तर कॉफीसाठी. मायनर कीथ नावाच्या अमेरिकन कंत्राटदाराच्या अमदानीत लिमोन ते सान होसे रूळ पुरे व्हायला १८९० उजाडलं. तापाने हजारो माणसं गेली. रुळांच्या कडेने केळी लावली ती मजुरांना स्वस्तात खायला मिळावीत म्हणून, आणि शेवटी गाडी चालली ती केळ्यांवरच. १८९९ मध्ये त्यातूनच युनायटेड फ्रूट कंपनी उभी राहिली. आप्पा हे सगळं भात थांबवून ऐकत होते.

मळ्यात शिरल्यावर मात्र ते कुणाचे राहिले नाहीत. केळीच्या ओळींतून डोक्यावर एक तार गेली होती. कापलेला घड मातीला न टेकवता तारेवरच्या आकड्याला टांगायचा, फण्यांमध्ये फोमचे तुकडे सरकवायचे, आणि वीसेक घडांची माळ एक माणूस कमरेला पट्टा बांधून पॅकिंग शेडपर्यंत ओढत नेणार. एका केळाला ओरखडा नाही. रावेरला घड माणसाच्या खांद्यावरून बांधापर्यंत येतो; तेवढ्यात साल काळी पडते आणि व्यापारी त्यावरच बोट ठेवून भाव पाडतो. आप्पा तारेखाली उभे राहिले. माळ सरसर निघून गेली.

“भाऊजींपेक्षा वेगात गेली हो!” आमची ही म्हणाली.

आप्पांनी ऐकलं नाही. त्यांनी आकडा हातात घेऊन बघितला, खांबांतलं अंतर पावलांनी मोजलं, तारेचा ताण अंगठ्याने तपासला. साडेतीन वाजले. व्हॅनवाला हॉर्नवरून हात काढेना. ताईंनी दंडाला धरून ओढत आणलं तेव्हा कुठे ते गाडीत बसले. बसल्यावर बराच वेळ मनात आकडेमोड चालली होती.

“काय हो,” शेवटी ते मला म्हणाले, “तारेवर आपल्याला त्यांनी डॉलर घेऊन लोंबकळवलं ना?”

“हो.”

“आणि केळी फुकट जातात! रावेरला उलटं करू. केळ्यांसाठी तार टाकायची आणि तिचा खर्च पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांकडून काढायचा.”