फुकटचा फोन

पिवळ्या पाटीच्या आयएसडी बूथमध्ये मीटरच्या लाल आकड्यांवर डोळा ठेवून आम्ही परदेशातल्या भावाशी तब्येत, थंडी, पगार सगळं तीन मिनिटांत उरकायचो. 2016मध्ये व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल आला आणि बोलणं फुकट झालं. आता शिकागोत शिकणाऱ्या लेकाला रोज आमचा पंखा आणि हिचं अर्धं कपाळ दिसतं.

"जेवलास का?"

"हो."

"काय?"

"जेवण."

हिवाळ्यात तिथलं घड्याळ साडेअकरा तास मागे. आम्ही सकाळी साडेआठला चहा घेऊन गप्पांना तयार, तर त्याचे रात्रीचे नऊ, साहेब कामात. परवा मात्र स्वतःहून फोन आला. चक्क पाऊण तास बोलला, आजीच्या गुडघ्यांचीही चौकशी केली. फीची मुदत शुक्रवारपर्यंत होती.