रणगाड्यातील रिक्त पदे

विज्ञानकथेतल्या युद्धात रणगाडा चालवायला खास यंत्रशिपाई असतात. डोकं, दोन हात, दोन पाय. एक चालक, एक तोफची, एक कमांडर. आता रणगाडा स्वतःच यंत्र, मग त्यात आणखी तीन यंत्रं खुर्च्या टाकून कशाला? आमच्या शिरपूर जैन गावच्या माणसाला उत्तर लगेच सुचतं: पदं मंजूर आहेत, भरली पाहिजेत.

खरं तर एक पद केव्हाच रद्द झालंय. अर्जुन रणगाड्यात चौघं बसतात, टी-72 मध्ये तिघंच. तोफेत गोळा भरायचं चौथ्याचं काम यंत्र करतं. त्याला तोंड नाही, म्हणून सिनेमात भूमिका नाही. पेन्शनही नाही, पण ती अग्निवीरालाही नाही.

रिकामा रणगाडा पुढं धाडायचा प्रयोग सोव्हिएत रशियानं 1939-40 च्या फिनलंडच्या युद्धातच केला. पुढच्यात कुणी नाही. मागच्या रणगाड्यातला माणूस रेडिओवरून तो हाकणार. म्हणजे एकाच्या कामाला दोन! ही पद्धत त्यांनी आपल्या कचेऱ्यांतून उचलली की आपण त्यांच्याकडून, यावर समिती नेमायला हरकत नाही. 2017 साली डीआरडीओनं चेन्नईजवळच्या आवडीत 'मुंत्रा' हे मानवरहित वाहन दाखवलं. त्याचीही दोरी दूर बसलेल्या माणसाच्याच हाती.

आता माणूस आत बसलेल्या रणगाड्याची गोष्ट. अहिल्यानगरला चिलखती दलाच्या केंद्रात 'फामागुस्ता' हा रणगाडा जपून ठेवलाय. 16 डिसेंबर 1971 रोजी बसंतरच्या लढाईत तो पेटला. बाहेर पडायचा हुकूम आला. तोफ अजून चालतेय म्हणून त्याचे कमांडर, 21 वर्षांच्या अरुण खेत्रपालांनी तो मानला नाही. हुकूम न मानणारा यंत्रशिपाई दुरुस्तीला जातो; खेत्रपालांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं.

लढाई लांबवण्यात मात्र यंत्रानं शिरपूरचा नाद करू नये. इथल्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या देवळाचा दिगंबर-श्वेतांबर वाद 1929 सालीच लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन आला. 1981 ला देवळाला कुलूप लागलं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं 2023 मध्ये उघडलं. एवढी चालणारी बॅटरी कुठल्या कंपनीकडं आहे?

तरी डीआरडीओला विनंती, चाचणीसाठी वाळवंट शोधू नका. भर पावसात, सोयाबीन गुडघ्याला लागलं की इकडं या. काळ्या रानातली एखादी पांदण दाखवू. यंत्रशिपायानं रणगाडा शेवटच्या धुऱ्यापर्यंत नेला, तर त्याला कायम करा. फसला, तर बैलजोडी मिळेल. भाडं मात्र रोख घेऊ, सरकारी बिलावर नाही.